रुबेलाची कोणती लस घेऊ, याचा मी काढलेला कीस

मूल हवं असं आमचं ठरलं तेव्हा गायनॅक मॅडमनी आधी रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर वगैरे, आणि त्यातच एक रुबेला आयजीजी, म्हणजे रुबेलाच्या अँटिबॉडी अंगात आहेत का ते बघायची टेस्ट. (रुबेला म्हणजे जर्मन गोवर, आपल्याला नुसता हलका पुरळ, पण गरोदरपणी झाला तर पोटातल्या बाळाला धोका.) बाकी सगळं ठीकठाक आलं, रुबेला तेवढं निगेटिव्ह. नवरा म्हणे निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना, काही नाही झालेलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "अहो, इथे निगेटिव्ह म्हणजे हिच्या अंगात रुबेलाशी लढायला अँटिबॉडीच नाहीत. लस घ्या, महिनाभर थांबा, मग ट्राय करा." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी ९२ ची. आमच्या वेळी सरकारी यादीत बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ आणि गोवर एवढंच असायचं. आईने सांगलीहून माझ्या लसींच्या जुन्या कार्डाचा फोटो पाठवला, गोवरापुढे तारीख आणि सही आहे, रुबेलाचा तर रकानाच नाही. लहानपणी रुबेला होऊन गेला असता तरी चाललं असतं, आपल्याकडे बऱ्याच जणींना तो नकळत होऊन गेलेला असतो, पण मला तोही झालेला नाही.

आता खरी गंमत मेडिकलमध्ये. तो म्हणे कोणती देऊ? म्हटलं रुबेलाची. तो म्हणे मॅडम नुसती रुबेलाची हल्ली फारशी येत नाही, एमएमआर घ्या (म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्हींची एकत्र लस), त्यात पण आपली पुण्याची आहे आणि बाहेरच्या कंपनीची आहे, किमतीत बराच फरक आहे, बघा काय ते. आणि मी अशी बाई आहे की मिक्सर घ्यायचा तरी आधी चार दुकानं हिंडते, त्यामुळे त्याला म्हटलं थांब जरा, दोन्हीचे आतले कागद फोटो काढून घेऊ का. त्याने विचित्र नजरेने बघितलं पण दिले काढून.

ते कागद म्हणजे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. रात्री मोबाइलवर झूम करून करून वाचले. पुण्याच्या सीरमची ट्रेसिव्हॅक, जीएसकेची प्रायोरिक्स, आणि सीरमचीच नुसत्या रुबेलाची आर-व्हॅक, जी मला मिळत नव्हती पण तिचाही कागद शोधून काढला. गोवराच्या भागात फरक, एकीत एडमन्स्टन-झाग्रेब नावाचा विषाणू तर दुसरीत श्वार्झ नावाचा. गालगुंडाच्या भागात फरक. आणि रुबेलाच्या पुढे? आरए २७/३. आरए २७/३. आरए २७/३. तिन्हीत तेच. मग एमएसडीच्या (अमेरिकेतली मर्क ती हीच) एमएमआर-टू चं बघितलं, तिथेही तेच. म्हणजे मी ज्या कारणासाठी लस घेणार होते त्या बाबतीत या सगळ्या लसी एकच विषाणू बाटलीत भरून देत होत्या, आणि माझी तुलना पहिल्याच रात्री संपल्यात जमा होती. पण मग मला खाज सुटली की सगळ्यांनी एकच कसा काय निवडला? दुसरे नव्हते का?

होते की! आणि ती स्पर्धा मी जन्मायच्या आधीच लागून गेली होती.

झालं असं की रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा हाती लागला १९६२ ला, अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या टीमना एकाच सुमारास. आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली, १९६४-६५ ची, सव्वा कोटी लोकांना झाला आणि जवळजवळ २०,००० बाळं जन्मतःच दोष घेऊन आली, कुणी बहिरी, कुणाला मोतीबिंदू, कुणाच्या हृदयात दोष. म्हणून लसीची घाई. १९६९ ला तिथे लसी बाजारात आल्या त्या एचपीव्ही-७७ नावाच्या विषाणूच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवाला एचपीव्ही तो वेगळा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही) आणि सेंडेहिल नावाच्या. एचपीव्ही-७७ चे पण दोन प्रकार, एक बदकाच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींत वाढवलेला आणि एक कुत्र्याच्या किडनीच्या पेशींत. सेंडेहिल सशाच्या किडनीत.

त्यातल्या कुत्र्याच्या किडनीवाल्या लसीने लोकांचे सांधे इतके धरायचे की १९७३ मध्ये ती बंदच केली. लहान मुलांतसुद्धा असं व्हायचं की सकाळी उठली की गुडघे सरळ करता यायचे नाहीत, वाकूनच चालायची. बाकीच्या दोन साइड इफेक्टच्या बाबतीत सौम्य होत्या, पण त्यांची कसोटी लागली हवाईमध्ये. तिथे सैन्यात भरती झालेल्या पोरांमध्ये रुबेलाची साथ आली तेव्हा येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन बाईंनी रक्त तपासून बघितलं, तर ज्यांना आधी खरा रुबेला होऊन गेला होता त्यांच्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोकांना परत संसर्ग झाला आणि ज्यांनी लस घेतली होती त्यांच्यात ८० टक्क्यांना! आता हे ८० टक्के आजारी पडले असं नाही, बहुतेकांना काही जाणवलंही नाही, फक्त रक्तात अँटिबॉडी एकदम वाढलेल्या दिसल्या म्हणजे विषाणू आत शिरला होता. पण रुबेलाची लस आपण स्वतःला पुरळ येऊ नये म्हणून घेतच नाही ना, पोटातल्या बाळापर्यंत विषाणू जाऊ नये म्हणून घेतो, त्यामुळे आत शिरला हीच काळजीची गोष्ट.

आरए २७/३ बनवला स्टॅनली प्लॉटकिन यांनी, फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच साथीत रुबेला झालेल्या एका बाईने गर्भपात करून घेतला होता, त्या गर्भातून हा विषाणू मिळाला, तपासलेला २७ वा गर्भ म्हणून २७. तो वाढवला माणसाच्या पेशींत आणि अंगाच्या तापमानापेक्षा कमी, ३० अंशांवर, म्हणजे थंडीत वाढायची सवय लागली की माणसाच्या गरम अंगात तो ढिला पडतो. माणसाच्या पेशी आहेत म्हणून तेव्हा अमेरिकेत बरीच कुरकुर झाली, युरोपात मात्र ती आधीच वापरात आली. यात अँटिबॉडी खऱ्या आजारासारख्या जास्त चांगल्या बनतात आणि नाकाघशात पण बनतात, जिथून विषाणू शिरतो तिथेच. हॉर्स्टमन बाई मागे लागल्या, मग मर्कने पण आपली जुनी सोडून हीच घेतली, १९७९ ला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि जुन्या लसी तिथून गेल्याच. आज जपान आणि चीन सोडले, त्यांचे स्वतःचे वेगळे विषाणू आहेत, तर जवळपास सगळं जग हीच टोचतं.

परिणाम किती? एका डोसने रुबेलापासून साधारण ९७ टक्के संरक्षण. त्याच एमएमआरच्या एका डोसने गोवरापासून ९३ आणि गालगुंडापासून फक्त ७८. म्हणजे तिघांत रुबेलाचाच भाग सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि माझ्यासारखीला एक डोस पुरतो तो त्यामुळेच.

मग फरक राहिला कुठे? गालगुंडात. हे मला वाचेपर्यंत अजिबात माहीत नव्हतं. प्रायोरिक्समधला आणि एमएमआर-टू मधला गालगुंडाचा विषाणू एकाच घराण्यातला, जेरिल लिन, तो मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञांनी १९६३ ला स्वतःच्या मुलीला गालगुंड झाले तेव्हा तिच्या घशातून घेतला आणि तिचंच नाव दिलं. ट्रेसिव्हॅकमध्ये लेनिनग्राड-झाग्रेब. या दुसऱ्या प्रकारात लसीनंतर मेंदूच्या आवरणाला सौम्य सूज येण्याच्या केसेस जेरिल लिनपेक्षा जास्त नोंदल्या गेल्यात, जेरिल लिनमध्ये जवळजवळ नाहीतच. होतं ते क्वचित आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. उराबे नावाचा तिसरा एक होता, त्याच्याबाबतीत हेच झालं म्हणून ब्रिटनने १९९२ ला त्याची एमएमआर काढून घेतली आणि जपानने १९९३ ला एमएमआर द्यायचंच थांबवलं. म्हणजे 'महागडी की स्वस्त' या प्रश्नाचं जे काही खरं उत्तर आहे ते रुबेलात नाही, गालगुंडात आहे.

हे सगळं मी एका कागदावर लिहून मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "बाई गं, दोन्ही चांगल्या आहेत. फ्रिजमधली घे आणि लवकर घे." मी कोणती घेतली ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते रुबेलाच्या भागाचं होतं, आणि तो भाग सगळ्यांत तोच आहे.

जाऊबाईंचं वेगळंच. "रुबेला म्हणजे तीन दिवसांचा पुरळ, त्याला कशाला एवढं?" त्यांना म्हटलं अहो ताई, पुरळ आपल्याला, भोगायचं बाळाने. १९४१ मध्ये सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर होते नॉर्मन ग्रेग, त्यांच्याकडे एकदम मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं यायला लागली, आणि लक्षात आलं की जवळजवळ सगळ्यांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर ८०-९० टक्के बाळांना काही ना काही होतं. त्यावर ताई गप्प. मग सासूबाईंच्या भाचीने एमएमआरने मुलांना ऑटिझम होतो असं सांगणारा तो जुना फॉरवर्ड पाठवला. त्यामागचा १९९८ चा पेपर १२ मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या जर्नलनेच २०१० ला मागे घेतला, एवढं लिहून मी तो विषय बंद केला.

लस घ्यायच्या आधी मॅडमनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, आणि पाळी चालू असतानाच ये म्हणाल्या म्हणजे पोटात काही नाही याची खात्री. कारण ही जिवंत विषाणूची लस, गरोदर बाईला देत नाहीत. सिस्टरने छोटीशी बाटली दाखवली, तळाला फिकट वडीसारखं काहीतरी चिकटलेलं, त्यात सोबतच्या बाटलीतलं पाणी सोडलं, हलकेच फिरवलं आणि ती वडी बघता बघता विरघळली. दंडाची कातडी चिमटीत धरून तिरकी सुई, अर्धा एमएल. टीटीपेक्षा कमी दुखलं, जरा चुणचुणलं एवढंच. अर्धा तास बाहेर बसवून ठेवलं आणि घरी.

पहिला आठवडा काही म्हणजे काहीच नाही, मी ऑफिसला पण जात होते. मग साधारण आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, ताप शंभरच्या जरा वर, मानेवर आणि छातीवर चार गुलाबी ठिपके. कानामागे हात लावला तर वाटाण्याएवढ्या गाठी. दोन दिवसांत ते गेलं. मॅडम म्हणाल्या ताप आणि पुरळ बहुतेक गोवराच्या भागाचं, रुबेलाची पाळी अजून यायचीय.

आणि ती आली. एका सकाळी उठले तर उजव्या हाताची बोटं वळेनात. दुपारपर्यंत जरा सैल झाली, पण दुसऱ्या दिवशी मनगटं आणि मग गुडघे. कणीक मळायला घेतली तर मनगटातून अशी चमक गेली की परात तशीच सोडली. कुकरचं झाकण नवऱ्याने लावायचं आणि त्यानेच काढायचं. इंडियन टॉयलेटवरून उठताना नळाला धरून उठत होते. पण सूज अशी दिसत नव्हती, लाल नाही, गरम नाही, बाहेरून सगळं नॉर्मल, त्यामुळे घरातल्यांना वाटत होतं ही कामं टाळतेय. सासूबाई म्हणाल्या वात झाला असेल, निर्गुडीचा पाला शेकायला घे. घेतला. बरं वाटलं थोडा वेळ, खोटं कशाला बोलू.

आता मी हे आधीच वाचलेलं होतं म्हणून घाबरले नाही. ज्यांच्यात अँटिबॉडी नाहीत अशा मोठ्या बायकांमध्ये चारात एकीला या लसीनंतर सांधेदुखी होते, दहात एकीला खरोखर सूज येण्यापर्यंत जातं, सुरू होतं लसीनंतर एक ते तीन आठवड्यांनी आणि एक दिवस ते तीन आठवड्यांत जातं. लहान मुलांमध्ये अगदी क्वचित. आणि खरा रुबेला झाला असता तर? मोठ्या बायकांत ७० टक्क्यांपर्यंत सांधे धरतात. म्हणजे लस मूळ आजाराचीच नक्कल करते, फक्त कमी करते.

एक कॅनडातला अभ्यास मात्र मला फार आवडला, १९९७ साली लॅन्सेटमध्ये आलेला. बाळंतपणानंतर लगेच, ज्या बायका रुबेला निगेटिव्ह होत्या त्यांना अर्ध्या जणींना खरी लस दिली आणि अर्ध्या जणींना नुसतं पाणी, कुणाला काय दिलं ते कुणालाच माहीत नाही. लसवाल्या ३० टक्के बायकांचे सांधे दुखले. आणि पाणीवाल्या २० टक्के बायकांचेही दुखले! अर्थात, दिवसरात्र बाळ उचलून धरणाऱ्या बाईची मनगटं नाही दुखणार तर काय. म्हणजे ३० मधले २० तर असेच दुखणार होते, लसीच्या खात्यावर टाकायचे ते वरचे १०. तेव्हापासून कोणी म्हणालं 'लस घेतली आणि मला अमुक झालं' की माझा पहिला प्रश्न असतो, ज्यांनी नाही घेतली त्यांचं काय? माझ्याबाबतीत मात्र बाळही नव्हतं आणि दुखणं बरोबर वेळेवर आलं, तर मी ते त्या १० मध्येच धरते. मॅडमनी पॅरासिटामॉल दिली, आठवड्याच्या आसपास सगळं मोकळं झालं आणि परत आलं नाही.

याच्या अगदी उलट माझा भाचा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम आली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना (गोव्यात ती आधीच, २०१७ ला पहिल्या टप्प्यात झालेली). तो तेव्हा मिरजेजवळच्या शाळेत दुसरीत. मी तिकडेच होते म्हणून त्याच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या बहिणीबरोबर, गेले. शाळेबाहेर आयांचा घोळका, कुणाच्या मोबाइलवर 'इंजेक्शनने मुलं बेशुद्ध' छाप काहीतरी फिरत होतं आणि दोघीतिघी पोरांना हाताला धरून परत निघाल्या होत्या. आत नर्सबाई होत्या त्या फार शहाण्या. त्यांनी वाद घातला नाही, बाटली सरळ आयांच्या पुढे धरली आणि वरचं चिन्ह दाखवलं, गोलाच्या आत चौकोन. "हा चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. गरमीत राहिली की चौकोन काळा पडतो, मग आम्ही फेकून देतो. आणि एकदा पाणी घालून बनवली की चार तासांत संपवायची, उरली तर तीही फेकायची." तेवढ्यावर एक आई परत आत आली. पोराला उजव्या दंडात टोचलं, डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण केली, आणि तो ती खूण 'मी मतदान केलं' म्हणून सगळ्यांना दाखवत संध्याकाळी क्रिकेट खेळायला. ताप नाही, गाठ नाही, काही नाही. रुबेलाचा विषाणू तोच, आरए २७/३. त्याचं वय सात, माझं तिशीपार, आणि तो मुलगा, मी बाई. साइड इफेक्टची तुलना करायचीच असेल तर बाटल्यांची करण्यापेक्षा दंडांची करा, असं माझं मत झालंय.

थांबायचं किती यावरून पण घरात गोंधळ. आत्येबहिणीला तिच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, मला एक. दोघेही आपापल्या परीने बरोबर. आधी सगळीकडे तीन महिनेच सांगायचे, २००१ पासून अमेरिकेत ते २८ दिवसांवर आणलं. कारण त्यांनी १९७१ ते १९८९ पर्यंत अशा बायकांची नोंद ठेवली ज्यांना अँटिबॉडी नव्हत्या आणि चुकून गरोदर असताना किंवा त्याच्या जरा आधी लस दिली गेली. अशा ३२१ बायकांच्या बाळांपैकी एकालाही जन्मजात रुबेलाचे दोष नव्हते. म्हणून तर चुकून दिली गेली तरी तेवढ्यासाठी गर्भपात करायला सांगत नाहीत. हे आत्येबहिणीला सांगितल्यावर ती रडायलाच लागली, तिला लस घेतल्यावर दोन महिन्यांतच दिवस गेले होते आणि पूर्ण नऊ महिने तिने ती भीती कुणाला न सांगता काढली होती. पोरगी मस्त आहे आता, बालवाडीत जाते.

पुढे मी परत आयजीजी केली. मॅडम म्हणाल्या तशी गरज नसते, पण तुझं समाधान होणार नाही, कर. पॉझिटिव्ह. १० च्या वर आकडा हवा असतो, माझा त्याच्या कितीतरी वर.

राहिला नवरा. त्याला म्हटलं तू पण घे. तो म्हणे मला कुठे दिवस जायचेत. तेव्हा मी जपानचं सांगितलं. तिथे १९७७ ला रुबेलाची लस सुरू केली ती फक्त शाळेतल्या मुलींना, हिशोब सरळ, गरोदर त्याच होणार. मुलं तशीच मोठी झाली, आणि २०१२-१३ ला साथ आली ती विशीपासून चाळिशीपर्यंतच्या पुरुषांत, ऑफिसांत आणि लोकलमध्ये पसरत गेली. २०१३ मध्ये चौदा हजारांवर केसेस झाल्या आणि त्या दोन-तीन वर्षांत ४५ बाळं दोष घेऊन जन्मली. रोग आणला पुरुषांनीच, घरी बायकोपर्यंत. माझा चुलत दीर तेव्हा टोकियोत होता, तो सांगतो की त्यांच्या ऑफिसात एचआर येऊन लस घ्या म्हणून विनवण्या करत होतं.

हे ऐकून त्याने शनिवारी जाऊन घेतली, त्याच मेडिकलमधून, तीच. ताप नाही, गाठी नाहीत, सांधे तर सोडाच, दंडसुद्धा दुखला नाही. पुरुषांना कमी होतं हे मीच त्याला वाचून दाखवलेलं, पण तो मात्र आपली इम्युनिटी स्ट्राँग म्हणून अजून सगळ्यांना सांगत फिरतो.